यकृतातली हायडॅटिड गाठ फुटते तेव्हा: चित्रतपासणीची पार्श्वभूमी

पुरंदर-शिरूरकडच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या की राखणीची कुत्रीही सोबत येतात. मेंढीचा गाठी असलेला कच्चा कोथळा कुत्र्याने खाल्ला, की त्याच्या आतड्यात एकायनोकॉकस हा कृमी वाढतो. विष्ठेतली अंडी हातावाटे किंवा भाजीवाटे माणसाच्या पोटात जातात आणि बहुतेक वेळा यकृतातच पाण्याने भरलेली गाठ धरते. हीच हायडॅटिड गाठ.

एक्स-रेच्या जमान्यात चुना धरलेलं कडं तेवढं दिसायचं, म्हणजे बहुधा जुनी गाठ. सोनोग्राफीने आतलं दाखवलं. १९८१ मध्ये ट्युनिशियात घर्बी यांनी सोनोग्राफीत दिसणाऱ्या गाठींचे पाच प्रकार मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाच्या वर्गवारीत पुढे सीई (सिस्टिक एकायनोकॉकोसिस, म्हणजे हाच आजार) १ ते सीई ५ अशा पायऱ्या आल्या. सीई ४ लोकरीच्या गुंड्यासारखी दिसते आणि सहज ट्यूमर वाटू शकते.

गुंतागुंत ओळखण्याची खरी किल्ली लेवॉल यांनी १९८० च्या दशकात दिली: फाटलं काय, आतला पडदा की बाहेरची भिंतही? आतला पडदाच सुटला, तर तो पाण्यात कमळाच्या पानासारखा तरंगतो, पण ऐवज भिंतीच्या आत राहतो. भिंतीत अडकलेल्या पित्तनलिकेत तोंड उघडलं, तर पडद्याचे तुकडे मुख्य नलिकेत उतरतात आणि कावीळ, थंडी-ताप सुरू होतो. दोन्ही फाटलं, तर पाणी पोटात किंवा छातीत. तिथे ॲनाफायलॅक्सिसचा (जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीचा) धोका असतो आणि नव्या गाठी रुजतात.

सोनोग्राफीत रुंदावलेल्या नलिकेतली चकचकीत पट्टी खडा समजली जाते. खड्यामागे काळी सावली पडते, पडद्यामागे पडत नाही. हा फरक रिपोर्टमध्ये लिहायलाच हवा. भिंतीतलं भगदाड, पोटातला फैलाव आणि हवा सीटीत बरी दिसते. मात्र हवा म्हणजे पू, असं धरू नये. नुकतीच ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून केलेली पित्तनलिकेची तपासणी) झाली असेल, तर ती तिथूनही आलेली असते. १९९० च्या दशकात एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आली आणि नलिकेशी असलेला दुवा सुई न टोचता शोधता येऊ लागला.

हे आधी कळणं का गरजेचं? १९८० च्या दशकातच सुईने पाणी काढून, कृमी मारणारं द्रावण भरून परत ओढण्याची 'पेअर' पद्धत आली. काढलेल्या पाण्यात पित्त दिसलं, म्हणजे गाठ नलिकेला जोडलेली असली, तर २० टक्के मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल आत सोडायचं नाही. ते नलिकेत गेलं, तर तिचं अस्तर जळतं आणि पुढे ती आकसून बंद होऊ लागते.