बुडापेस्टची फायनल आणि मॉलिन्यूचा चिखल

युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या 2026 च्या फायनलसाठी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, बुडापेस्टची पुश्काश अरेना निवडली आणि तारीख ठरवली 30 मे. सुरुवात तिथल्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला. एरवी साडेबारापर्यंत जागत बसणाऱ्या इथल्या चाहत्यांना त्या वेळेचं अप्रूप वाटणारच. मला मात्र जागेचं अप्रूप जास्त आहे. 1956 पासून ही फायनल होते आहे, पण बुडापेस्टच्या वाट्याला ती त्याआधी एकदाही आली नव्हती. आणि ज्या हरण्यातून ही सगळी स्पर्धा उभी राहिली, ते हरणं याच शहरातल्या एका संघाचं होतं.

तो संघ होनवेद. बुडापेस्टच्या किश्पेश्त भागातला हा क्लब 1949 मध्ये सैन्याच्या ताब्यात गेला आणि देशातले उत्तमोत्तम खेळाडू तिथे गोळा झाले. नोव्हेंबर 1953 मध्ये हंगेरीने इंग्लंडला वेम्बलीवर 6-3 असं हरवलं, त्या अकरा जणांतले सात होनवेदचे होते. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला इंग्लंडचा 7-1 असा धुव्वा उडाला. इंग्लंडची ही जखम ताजी असतानाच 13 डिसेंबर 1954 रोजी होनवेद वुल्व्जशी, म्हणजे इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सशी, मैत्रीपूर्ण सामना खेळायला त्यांच्या मॉलिन्यू मैदानावर आला.

मैदान पावसाने आधीच भिजलेलं होतं. तरीही वुल्व्जचे प्रशिक्षक स्टॅन कलिस यांनी मैदानावरच्या पोरांना आणखी पाणी मारायला लावलं. त्या पोरांतलाच एक, पुढे मॅनेजर म्हणून नावारूपाला आलेला रॉन अॅटकिन्सन, ही आठवण सांगत असे. फ्लडलाइटच्या उजेडात सामना सुरू झाला आणि चौदा मिनिटांत होनवेद 2-0 ने पुढे गेला. पण जमिनीलगतचे छोटे, अचूक पास ही त्यांची ताकद, आणि चिखलात चेंडू पुढे सरकेना. मध्यंतरानंतर वुल्व्जच्या हॅनकॉक्सने पेनल्टीवर एक गोल फेडला, शेवटच्या पंधरा मिनिटांत स्विनबर्नने लागोपाठ दोन केले. वुल्व्ज 3-2 ने जिंकले. कलिस यांनी आपल्या खेळाडूंकडे बोट दाखवून पत्रकारांना सांगितलं की हे पाहा जगज्जेते, आणि इंग्लिश वर्तमानपत्रांनीही तोच सूर लावला.

पॅरिसच्या ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाच्या गाब्रिएल आनो यांना ते पटलं नाही. ते स्वतः फ्रान्सकडून खेळलेले, पासष्टीचे पत्रकार. एका सामन्यावरून, तोही घरच्या चिखलात, जगज्जेता ठरवायचा कसा? वुल्व्जने आधी मॉस्कोत आणि बुडापेस्टला जाऊन जिंकून दाखवावं, शिवाय मिलान आणि रेआल माद्रिद आहेतच, असं त्यांनी लिहिलं आणि युरोपातल्या क्लबांची एक स्पर्धा घ्यावी असा प्रस्ताव मांडला. त्यांचे तरुण सहकारी जाक फेराँ यांच्या डोक्यात दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची 1948 ची सान्तियागोची स्पर्धा होती. युरोपातही असे प्रयत्न आधी झाले होते. मध्य युरोपात 1927 पासून मित्रोपा कप, पश्चिमेकडे 1949 पासून लॅटिन कप. पण सगळ्या खंडाला एका धाग्यात ओवणारं काही नव्हतं.

‘लेकिप’ने नुसतं लिहिलं नाही, कामही केलं. नियमावली तयार केली, क्लबांना पत्रं धाडली आणि एप्रिल 1955 मध्ये त्यांच्या प्रतिनिधींना पॅरिसला बोलावलं. रेआलचे सान्तियागो बेर्नाबेऊ आले, वेम्बलीवर 6-3 घडवणारे हंगेरीचे प्रशिक्षक गुस्ताव शेबेशही आले. युएफा तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची होती आणि क्लबांच्या स्पर्धेत तिला फारसा रस नव्हता. फिफाने सांगितल्यावर तिने जबाबदारी घेतली. इंग्लंडचा विजेता चेल्सी मात्र आपल्याच लीगच्या दबावाखाली माघारी फिरला. एका वर्तमानपत्राने आखलेली स्पर्धा अशी सोळा संघांनिशी सप्टेंबर 1955 मध्ये लिस्बनला सुरू झाली. पत्रकारितेने खेळाला दिलेली याहून मोठी देणगी मला तरी आठवत नाही.

पहिली फायनल 13 जून 1956 रोजी पॅरिसच्या पार्क दे प्रँसवर झाली. घरच्या प्रेक्षकांसमोर रँस या फ्रेंच क्लबने दहा मिनिटांत दोन गोल केले. रेआलच्या डी स्टेफानो आणि रियाल यांनी बरोबरी साधली, इदाल्गोने रँसला पुन्हा आघाडी मिळवून दिली. तेव्हा मार्किटोस नावाचा रेआलचा बचावपटू आपली जागा सोडून चेंडू घेऊन थेट पुढे घुसला आणि त्याने 3-3 केलं. मग रियालचा आणखी एक गोल, आणि 4-3. रेआलने पुढची चारही वर्षं कप सोडला नाही.

होनवेदची पाळी दुसऱ्या मोसमात आली, तीही नको त्या वेळी. ऑक्टोबर 1956 मध्ये हंगेरीत उठाव झाला, नोव्हेंबरात सोविएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. संघ तेव्हा परदेशात होता. स्पेनच्या अॅथलेटिक बिल्बाओशी त्यांच्या मैदानावरचा सामना तो 3-2 असा हरला. परतीचा सामना घरी घेणं शक्यच नव्हतं. तो ब्रसेल्समध्ये झाला. गोलकीपर जखमी झाला म्हणून डावा विंगर त्सिबोर गोलमध्ये उभा राहिला. 3-3 अशी बरोबरी झाली आणि होनवेद बाद. त्यानंतर संघच विखुरला. बोझिक मायदेशी परतला. होनवेदचे तारे पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परतले नाहीत.

न परतल्याबद्दलची बंदी भोगून 1958 मध्ये पुश्काश रेआलमध्ये आला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, अंग सुटलेलं होतं. 1960 च्या फायनलला समोर जर्मनीचा आइनट्राख्ट फ्रांकफुर्ट. 1954 च्या विश्वचषक फायनलमध्ये जर्मनांनी उत्तेजकं घेतल्याचा आरोप पुश्काशने पूर्वी केला होता. तो ज्या संघात असेल त्याच्याशी खेळायला जर्मन फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांना मनाई केली होती. त्याने लेखी माफी मागितली तेव्हा सामन्याचा मार्ग मोकळा झाला. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर 1,27,621 प्रेक्षक होते. रेआल 7-3. डी स्टेफानोचे तीन गोल, उरलेले चारही पुश्काशचे.

कोचिश आणि त्सिबोर बार्सिलोनाकडून पुढच्याच वर्षी, 1961 मध्ये फायनल खेळले. जागा बर्नचं वांकडॉर्फ स्टेडियम, जिथे हंगेरीने 1954 ची विश्वचषक फायनल 3-2 ने गमावली होती. दोघांनीही गोल केला आणि बेनफिकाने सामना जिंकला. निकाल पुन्हा 3-2.

पुश्काश थेट 1981 मध्ये मायदेशी पाहुणा म्हणून आला आणि पुढे कायमचा परतला. 2002 मध्ये बुडापेस्टच्या नेपश्टाडिओन या स्टेडियमला त्याचं नाव दिलं गेलं. 2006 मध्ये तो गेला. सेंट स्टीफन बॅसिलिकात त्याचं दफन झालं. जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी उभी राहिलेली अरेना 2019 मध्ये खुली झाली.

वुल्व्ज अजून एकदाही ही फायनल खेळलेले नाहीत. होनवेदही नाही. वाशाश, ग्योर, उयपेश्त असे तीन हंगेरियन क्लब उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले आणि तिथेच थांबले.