मिरजेच्या तंबोऱ्याचं वय कसं ओळखायचं?

अमेरिकेत जुना बँजो (तिथलं एक तंतुवाद्य) हाती आला की जाणकार आधी त्याच्या कड्याच्या आत डोकावतात. गिब्सनसारख्या कारखान्यांनी तिथे आकडे मारलेले असतात. ते जुन्या नोंदींशी ताडले की वर्ष जवळपास कळतं. वाद्य दुसऱ्या महायुद्धाआधीचं निघालं तर किंमत कुठल्या कुठे जाते. मिरजेच्या तंबोऱ्यावर असा नंबर नसतो. माळ्यावरून तंबोरा खाली येतो आणि त्याचं वय ‘आजोबांच्या वेळचा’ एवढ्यावरच थांबतं. कोणी ‘शिवकालीन’ म्हणू लागलं, तर तेवढं मात्र लगेच खोडता येतं. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी मिरजेत तंतुवाद्यांकडे वळली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला.

सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे दुकानाची चिठ्ठी. शाबूत असेल तर नावाआधी पत्ता वाचावा. ‘मिरज संस्थान’ असेल तर वाद्य बहुधा 1948 च्या विलीनीकरणाआधीचं. ‘जि. दक्षिण सातारा’ दिसलं तर नशीबच म्हणायचं! 1949 मध्ये झालेल्या या जिल्ह्याचं नाव 1960 मध्ये सांगली झालं, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांची फट. पिन कोड छापलेला असेल तर 1972 नंतरचं. अर्थात छापून ठेवलेल्या चिठ्ठ्या संपेपर्यंत कोणताही दुकानदार त्याच वापरतो, आणि दुरुस्ती करणाराही आपली चिठ्ठी चिकटवतो. थोडं मागेपुढे धरावंच लागतं.

मग पांढरी नक्षी. कापडाने जोरात घासल्यावर कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीच्या काळातलं प्लास्टिक. ते 1870 च्या सुमारास निघालं, त्यामुळे त्यावरून वयाबद्दल फारसं काही ठरत नाही. नक्षी हाडाची असेल तर भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि रेघोट्या दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हस्तिदंतात ते नसतात, उलट आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा दिसतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. आणि हस्तिदंत निघालं तर भाव वाढला असं समजू नका. वन्यजीव कायद्याच्या 1986 आणि 1991 च्या दुरुस्त्यांनंतर त्याचा व्यापारच बंद झाला आहे.

पण विज्ञानाच्या दृष्टीने खरी गंमत भोपळ्यात आहे. लाकडाच्या फळीत झाडाच्या कित्येक वर्षांचा कार्बन साठलेला असतो. शिवाय झाड कधी तोडलं आणि फळी किती वर्षं वाळत पडली, हा घोळ वेगळाच. भोपळ्याचं तसं नाही. पंढरपूरच्या बाजूला शेतात तो एका हंगामात वाढतो, म्हणजे त्याच्या सालीतला जवळजवळ सगळा कार्बन त्याच वर्षीच्या हवेतला. आता 1950 च्या दशकात आणि 1960 च्या सुरुवातीला अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-14 वाढत गेला आणि 1963-64 च्या सुमारास आपल्या गोलार्धात जवळपास दुप्पट झाला. 1963 च्या करारानंतर हवेतल्या चाचण्या बऱ्याच थांबल्या, समुद्राने आणि झाडांनी तो शोषला, कोळसा-पेट्रोलच्या धुराने तो आणखी पातळ केला. त्यामुळे त्या काळातल्या भोपळ्याची काही मिलिग्रॅम साल मोजली तर एक-दोन वर्षांच्या फरकाने तो कोणत्या वर्षीचा ते सांगता येऊ शकतं. अडचण एवढीच की एकच आकडा चढावर आणि उतारावर असा दोनदा भेटतो, तेव्हा कुठला धरायचा ते चिठ्ठीसारख्या दुसऱ्या पुराव्याने ठरवायचं. 1950 च्या आधीच्या तीनशे वर्षांत कार्बनचा आलेख इतका वरखाली होतो की 1700 आणि 1900 यांतला फरकही कधी कधी कळत नाही.

दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये अशी मोजणी होते. घरच्या तंबोऱ्यासाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही, करूही नये. कारण भोपळा फुटतो, आणि मग जुन्या दांडीला नवा बसवतात. मिळालेलं वर्ष भोपळ्याचं, वाद्याचं नव्हे. खुंट्या बदलतात, तारा जिच्यावरून जातात ती घोडी बदलते, पॉलिश तर दर पिढीला होतं.

किमतीचं गणित मात्र बँजोपेक्षा वेगळं आहे. नुसत्या जुनेपणाला इथे फारसे पैसे मिळत नाहीत. गाणारा माणूस आवाज विकत घेतो. मोठा, एकसारखा गोल, बिनतड्याचा भोपळा असलेला मर्दानी, म्हणजे पुरुष गायकांसाठीचा मोठा तंबोरा असेल तर त्याला मागणी असते, कारण तसे भोपळे मिळणं कठीण. नामवंत गायकाच्या वापरातला असेल तर गोष्ट निराळी, पण त्याला फोटो किंवा कागद हवा, नुसती सांगोवांगी चालत नाही.

घोडीवर तारांनी पाडलेले चरे दाखवून भाव पाडणारं गिऱ्हाईक असतं. त्यात तथ्य कमी. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं, की तंबोऱ्याची तार जिथे छेडल्यावर एखादा वरचा स्वर उमटायला नको, तिथे छेडली तरी तो उमटतो. घोडीच्या किंचित बाकदार पाठीला तार कंपनागणिक घासून जाते म्हणून हे होतं. ही पाठ झिजली की आवाज बसतो, पण कारागीर ती घासून पुन्हा जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा आवाज, काढून देतो. खरा खर्च दांडीचा. वर्षानुवर्षं तारा ताणलेल्या ठेवल्या तर ती पुढे वाकते. दांडीच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. मधे फट दिसली, किंवा भोपळा-दांडीच्या सांध्यावर केसासारखी चीर दिसली, तर भाव तिथूनच खाली धरायचा.