सात शिलिंगांचा फरक

7 सप्टेंबर 1940 च्या शनिवारी दुपारी पूर्व लंडनच्या गोद्यांवर बॉम्ब पडायला लागले आणि पुढचे जवळजवळ दोन महिने, एखादी रात्र सोडली तर, ते पडतच राहिले. जर्मन हवाई हल्ल्यांच्या या मोहिमेची, म्हणजे ब्लिट्झची, हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. स्टेपनी, पॉपलर, वेस्ट हॅम इथल्या ज्या बायका त्यात मेल्या किंवा जखमी झाल्या, त्यांच्या वाट्याला काय आलं हे मात्र सहसा सांगितलं जात नाही.

पहिल्या महायुद्धातही याच वस्त्यांवर बॉम्ब पडले होते. 13 जून 1917 च्या दिवसाढवळ्या झालेल्या हल्ल्यात 162 माणसं गेली. त्यांत पॉपलरच्या एका शाळेतली 18 मुलं होती आणि स्मारक झालं ते त्या मुलांचं.

1940 ची कामकरी बाई शिवणाच्या कारखान्यात, जॅम किंवा साखरेच्या कारखान्यात, नाहीतर पहाटे शहरातली ऑफिसं झाडायला जायची. लग्न झालं की अनेक ठिकाणी नोकरी सोडावी लागे, मग घरी बसून नगावर शिवण. बॉम्बपासून बचाव म्हणून सरकारने परसात पुरायचे पत्र्याचे निवारे दिले. वर्षाला 250 पौंडांपेक्षा कमी मिळकत असलेल्यांना ते फुकट होते, पण त्यासाठी परसात माती हवी. इथल्या घरांमागे फरसबंदीचं बोळकांडं असायचं. रस्त्यांवर विटांचे निवारे उभे राहिले, त्यांतले काही सिमेंटशिवाय नुसत्या चुन्यात बांधलेले निघाले. भुयारी रेल्वेची स्टेशनं आधी बंदच होती. लोक स्वस्तातलं तिकीट काढून आत शिरायचे आणि तिथेच रात्र काढायचे. गर्दीचे ते फोटो इतके छापले गेलेत की सगळं लंडन जमिनीखाली झोपत होतं असं वाटतं. नोव्हेंबर 1940 च्या मोजणीत स्टेशनांत जेमतेम 4 टक्के लोक होते, सार्वजनिक निवाऱ्यांत 9 आणि घरच्या निवाऱ्यांत 27. उरलेले बहुतेक आपापल्या घरीच होते.

मुख्य वाद भरपाईचा. युद्ध सुरू होतानाच, 1939 मध्ये, हवाई हल्ल्यात जखमी होणाऱ्या नागरिकांसाठी योजना आली. त्यात बाईचा दर पुरुषापेक्षा आठवड्याला 7 शिलिंगांनी (तेव्हा 20 शिलिंगांचा एक पौंड) कमी ठेवला होता. पुरुषाच्या डोक्यावर संसार असतो, हे कारण इथे चालत नाही, कारण एकट्या, कुणाचा भार नसलेल्या पुरुषाला आणि तशाच बाईलाही वेगवेगळे दर होते. शिवाय तात्पुरत्या जखमेचा भत्ता सुरुवातीला फक्त कमावत्या माणसांना आणि नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांना होता. घर सांभाळणारी बाई कमावती धरली जात नव्हती. एकाच बॉम्बने एकाच स्वयंपाकघरात नवरा-बायको दोघांचे पाय मोडले, तरी कायद्याच्या लेखी नुकसान नवऱ्याचं.

सरकारचं म्हणणं असं, की भरपाई पगारावर बेतलेली आहे आणि बायकांचे पगार कमीच असतात. पूर्णवेळ हवाई हल्ला वॉर्डनला आठवड्याला पुरुष असेल तर 3 पौंड आणि बाई असेल तर 2 पौंड मिळत, म्हणजे हा युक्तिवाद निदान सुसंगत तरी होता. खरी भीती निराळी होती. इथे समान दर दिला की उद्या कारखान्यात समान पगार मागतील. हे गणित मांडणाऱ्यांना ते लाजिरवाणं वाटल्याचं कुठे दिसत नाही.

संसदेतल्या स्त्री-सदस्या पक्षभेद विसरून यावर अडून बसल्या. पुढाकार घेणाऱ्यांत एक हुजूर पक्षाची होती, दुसरी मजूर पक्षाची आणि पेशाने डॉक्टर. 1942 मध्ये बायकांवरही आग-राखणीची सक्ती झाली आणि सरकारची बाजू लंगडी पडली. छपरावर पेटते बॉम्ब विझवायला पाठवायचं, तर जखमेची किंमत कमी कशी धरायची? नोव्हेंबर 1942 मध्ये मतदान झालं. समान भरपाईच्या बाजूने 95, विरुद्ध 229. तरीही चौकशी समिती नेमावी लागली आणि एप्रिल 1943 मध्ये दर सारखे झाले. तोवर ब्लिट्झचा सर्वांत भयंकर काळ, मे 1941 पर्यंतचा, संपून दोन वर्षं होत आली होती.

पगाराच्या बाबतीत सरकारची भीती खरी ठरायला वेळ लागला. मार्च 1944 मध्ये शिक्षिकांच्या समान पगाराची दुरुस्ती एका मताच्या फरकाने मंजूर झाली, तर पंतप्रधानांनी तो सरकारवरच्या विश्वासाचा प्रश्न करून ती फिरवली. 1968 मध्ये डॅगनमला मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला, तोही पूर्व लंडनच्या काठावरच. समान वेतनाचा कायदा 1970 चा.

नोंदींची गोष्टही अशीच. हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांची यादी वेस्टमिन्स्टर ॲबीत सात खंडांत ठेवली आहे, सुमारे 67 हजार नावं. नाव, वय, पत्ता, मृत्यूचं ठिकाण आणि अमक्याची बायको किंवा मुलगी. नागरी संरक्षणाच्या कामावर असेल तर त्याचा उल्लेख आहे, जॅमच्या कारखान्यात असेल तर नाही. 2005 मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर युद्धकाळातल्या स्त्रियांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर कामाच्या पोशाखांचे 17 संच टांगलेले दाखवले आहेत, नाव एकही नाही.

2015 पासून 29 सप्टेंबर 1939 ची राष्ट्रीय नोंदवही, म्हणजे त्या दिवशी कोण कुठे राहत होतं याची सरकारी नोंद, ऑनलाइन पाहता येते. नातवंडं तिथे आजीचं नाव शोधतात. विवाहित बाईच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘बिनपगारी घरकाम’ लिहिलेलं असतं, घरी नगावर शिवण चालत असलं तरी.