मुंबई–लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यातले कमीत कमी हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी आहे. थेट विमानाला मुंबईहून जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात, परतताना नऊच्या आसपास. ताशी ९०० किमी वेग धरून भागाकार केला, तर उत्तर आठ तास येते. उरलेला वेळ जातो वारा, वळसे आणि विमानतळावरची रांग यांत.

शाळेतल्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती बगदादच्या आसपासून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तो जवळजवळ कराचीवरून निघून पूर्व इराण ओलांडतो. जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराच्या थोडे दक्षिणेला निम्मे अंतर संपते. पुढे क्रिमिया, युक्रेन आणि जर्मनी लागतात. या वक्र मार्गाला बृहद्वृत्त म्हणतात आणि ७,२०० किमी हा आकडा त्याचाच. मात्र तो तंतोतंत उडता येत नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने आक्रमण केल्यापासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने २०१९मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना वाट नाकारली. दिल्लीच्या विमानांना त्याचा फटका मोठा. मुंबईच्या विमानांना अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने निघता येते. तरीही एकाच दिवशी निघालेल्या भारतीय आणि ब्रिटिश विमानांनी कापलेले अंतर वेगळे असू शकते. तिकिटांच्या संकेतस्थळांवर मात्र दोन्हींसाठी तोच एक आकडा असतो.

जाण्या-येण्यातला फरक वाऱ्याचा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह लंडनकडे जाणाऱ्या विमानाला तोंडावर येतो, परतीच्या विमानाला मागून ढकलतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त.

वेळापत्रकातला काळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला उभे राहीपर्यंतचा असतो. मुंबईतल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही आणि उड्डाणासाठी ताटकळावे लागते. हीथ्रोच्या गर्दीत लॅम्बोर्न किंवा बिगिन या ठरलेल्या जागांवर, एकाखाली एक थर लावून, विमाने घिरट्या घालतात. खालचे उतरले की वरचे एक थर खाली येते. कंपन्या हा वेळ आधीच धरून चालतात, म्हणून रस्ता मोकळा मिळाला की विमान ‘वेळेआधी’ पोहोचते.

पूर्वी हा प्रवास बोटीचा होता. गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून निघाले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. एअर इंडियाचे पहिले लंडन विमान ८ जून १९४८ रोजी सुटले. ते ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन होते आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला उतरले. १९६०मध्ये बोइंग ७०७ आले आणि जेटयुग सुरू झाले.

घड्याळाचा हिशेब निराळा करावा लागतो. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत साडेचार. दुपारी दोनला मुंबई सोडून दहा तास उडालेला प्रवासी जानेवारीत संध्याकाळी साडेसहाला उतरतो, जूनमध्ये साडेसातला. उलट दिशेने रात्री नऊला निघालेला नऊ तासांनी पोहोचतो, तेव्हा मुंबईत जानेवारीत दुसऱ्या दिवशीचे साडेअकरा वाजलेले असतात, जूनमध्ये साडेदहा.