बंदूक आणि उंबरठा

टेक्ससमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने मागच्या महिन्यात मला एक चित्र पाठवलं. गांधीजींचा हसरा चेहरा आणि खाली इंग्रजीत एक वाक्य. त्याचा आशय असा: ब्रिटिशांनी भारतात जी अनेक दुष्कृत्यं केली, त्यांत अख्ख्या राष्ट्राची शस्त्रं काढून घेणारा कायदा इतिहासाला सर्वांत काळा वाटेल. भाच्याच्या ऑफिसातल्या एका बंदूकसमर्थक सहकाऱ्याने ते त्याला दिलं होतं आणि वर विचारलं होतं, "तुमचे गांधीसुद्धा आमच्याच बाजूचे, मग तू का वाद घालतोस?" भाच्याने मला लिहिलं, "मामा, हे वाक्य खरं आहे का? आणि लोकांकडे बंदुका असल्या की देश जास्त स्वतंत्र राहतो, हे खरं आहे का?"

वाक्य खरं आहे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात ते आहे, आणि त्याच्या लगेच पुढे गांधीजी म्हणतात की हा कायदा जावा असं वाटत असेल, शस्त्रं चालवायला शिकायचं असेल, तर ही नामी संधी आहे, सैन्यात या. म्हणजे मुद्दा घरोघरी पिस्तूल ठेवण्याचा नव्हता. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

आधी मोजून बघू. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ मध्ये जगभरातल्या नागरिकांकडच्या बंदुकांचा अंदाज प्रसिद्ध केला. एकूण सुमारे ८५ कोटी ७० लाख बंदुका, त्यांतल्या ३९ कोटींहून अधिक एकट्या अमेरिकेत. म्हणजे तिथे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका. दुसरा क्रमांक येमेनचा, शंभरामागे सुमारे ५३. मग सर्बिया ३९, कॅनडा ३५, फिनलंड आणि आइसलंड ३२ च्या आसपास. भारतासाठी अंदाज सुमारे ७ कोटी बंदुकांचा आहे आणि त्यांतल्या एक कोटीहूनही कमी नोंदणीकृत आहेत. यावरूनच लक्षात येईल की हे आकडे वजनकाट्यावरचे नाहीत, अंदाजाचे आहेत.

स्वातंत्र्य मोजायला फ्रीडम हाऊस या संस्थेचे शंभरपैकी गुण घेतले. निवडणुका, न्यायालयं, वृत्तपत्रं, सभा-संघटना यांवरून ते दिले जातात. मी आलेखाच्या वहीत आडव्या अक्षावर बंदुका आणि उभ्या अक्षावर गुण घेऊन ठिपके द्यायला बसलो. फिनलंडला शंभरपैकी शंभर. जवळपास तेवढ्याच बंदुकांचा लेबनॉन पन्नाशीच्याही खाली. येमेन दहाच्या आसपास. आता डावीकडचा काठ बघा, जिथे शंभर माणसांमागे एकही बंदूक नाही. तिथे जपान ९६ गुण घेऊन वर बसलाय आणि उत्तर कोरिया त्याच उभ्या रेषेत अगदी तळाशी. आणि अमेरिका? ती इतकी उजवीकडे जाते की तिच्यासाठी मला वहीचं पुढचं पान जोडावं लागलं. असा एकटा लांबचा ठिपका कोणत्याही रेषेला आपल्याकडे ओढतो, म्हणून यातून रेषा काढून दाखवणाऱ्याने आधी तो ठिपका कुठे ठेवला हे विचारावं.

शाळेत शिकवलेलं एक वाक्य इथे कामाला येतं: दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण होत नाही. पाऊस लांबला की अजूनही काही गावांत बेडकांचं लग्न लावतात, धोंडी काढतात. बेडूक ओरडले की पाऊस येतो, हे निरीक्षण खोटं नाही. पण बेडूक ओरडतो तो हवेतला दमटपणा वाढल्यामुळे आणि मीलनाचा हंगाम आल्यामुळे, आणि पाऊसही त्याच दमट हवेतून येतो. बेडकाला हळद लावून ढग येत नाहीत. त्या मुक्या प्राण्याचे हाल तेवढे होतात, आणि हे थांबायला हवं. फिनलंडमधल्या बंदुका बहुतेक शिकारीच्या, येमेनमधल्या टोळ्यांच्या आणि युद्धाच्या. तिथे बंदूक हा बेडूक आहे. दमटपणा कुठला, ते शोधायला हवं.

इतिहासातला एक दाखलाही या वादात कायम फिरतो: हिटलरने आधी बंदुका काढून घेतल्या म्हणून तो हुकूमशहा झाला. खरं तर १९३८ च्या जर्मन कायद्याने बहुतेक जर्मनांसाठी नियम सैल केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ज्यूंना मात्र शस्त्रं बाळगायला बंदी केली. बंदुका होत्या, फक्त त्या हुकूमशहाच्या पाठीराख्यांकडे होत्या. सद्दामच्या इराकमध्येही घरोघरी बंदुका होत्या.

आता मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचं होतं ती.

१९७८ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने गर्दीचं एक साधं गणित मांडलं. त्यात प्रत्येक माणसाला एक उंबरठा असतो. उंबरठा म्हणजे किती लोक आधी बाहेर पडलेले दिसले की तो स्वतः बाहेर पडेल, तो आकडा. समजा एका चौकाभोवती शंभर माणसं राहतात. सगळ्यांना सरकारचा सारखाच राग आहे. एकाचा उंबरठा शून्य, तो कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शंभराव्याचा नव्व्याण्णव. शून्यवाला बाहेर पडतो. त्याला बघून एकवाला, त्या दोघांना बघून दोनवाला, आणि संध्याकाळपर्यंत चौकात शंभर माणसं.

शेजारच्या गावात अगदी अशीच शंभर माणसं. फरक एवढाच, की ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन आहे. शून्यवाला चौकात येतो, इकडे-तिकडे बघतो. एकाला बघून बाहेर पडणारा कोणीच नाही. तो एकटाच उभा राहतो, पोलीस त्याला उचलतात. उंबरठ्यांची सरासरी पहिल्या गावात ४९.५ होती, दुसऱ्यात ४९.५१. दोन्ही गावांत घरोघर जाऊन मतं विचारली असती तर कोणाच्या हाती फरक लागला नसता. तरी एका गावात क्रांती झाली आणि दुसऱ्यात एका माणसाला अटक. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री कागदावर पुन्हा पुन्हा करून बघत बसलो होतो. १९८९ च्या शरद ऋतूत पूर्व जर्मनीचं सरकार इतक्या झटक्यात का कोसळलं आणि त्याच्या आदल्या वर्षी ते इतकं भक्कम का वाटत होतं, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

यात बंदूक कुठे येते? पुढचं गणित माझं आहे, पण वही घेऊन कोणीही पडताळावं. पहिल्याच गावात बातमी पसरते की गर्दीतल्या काही जणांकडे पिस्तुलं आहेत. ज्यांचा उंबरठा वीसच्या खाली आहे ते तसेही तापलेले, त्यांना फरक पडत नाही. पण वीस आणि त्यापुढचे म्हणजे दुकानदार, शिक्षिका, लेकराला कडेवर घेऊन येणारी आई, आजोबा. ते म्हणतात, गोळीबार होणार, अजून दहा माणसं येऊ देत मग बघू. प्रत्येकाचा उंबरठा दहाने वाढतो. आता शून्यापासून एकोणीसपर्यंतचे वीस जण चौकात येतात. पुढच्या माणसाला वीस पुरले असते, त्याला आता तीस लागतात. तो येत नाही. साखळी तिथेच तुटते. चौकात उरतात वीस तरुण पोरं, आणि वीस पोरांना आवरणं कोणत्याही सरकारला जमतं. शंभरांच्या गर्दीत बंदूक आणल्यामुळे ऐंशी माणसं घरी राहिली.

आणि उंबरठा काही गर्दीलाच असतो असं नाही. समोर रायफल धरून उभा असलेला शिपाईही शेजारच्या शिपायाकडे बघत असतो. हुकूम एकाचा, पण चाप ओढायचा तो त्याने. गर्दीतून गोळी येईल अशी भीती असेल तर चाप ओढणं सोपं होतं. समोर रिकाम्या हाताची म्हातारी असेल तर अवघड होतं. एकाने रायफल खाली केली की दुसऱ्याचा उंबरठा ओलांडला जातो.

२३ एप्रिल १९३०, पेशावर, किस्सा ख्वानी बाजार. पठाण समाजात बंदूक म्हणजे पुरुषाचा दागिना. जगातल्या सर्वांत सशस्त्र समाजांपैकी तो एक होता. खान अब्दुल गफार खानांच्या खुदाई खिदमतगारांनी, म्हणजे त्यांच्या अहिंसक स्वयंसेवकांनी, ती बंदूक घरी ठेवून यायची शपथ घेतली होती. नेत्यांच्या अटकेच्या निषेधाला लोक जमले, चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या, गोळीबार झाला, माणसं पडत राहिली आणि मागची पुढे येत राहिली. मग गढवाल रायफल्सच्या शिपायांवर वेळ आली. समोर मुसलमान पठाण, हातात रायफल असलेले हिंदू गढवाली. सरकारचा भरवसा त्या फरकावरच होता. चंद्रसिंह गढवालींनी आणि त्यांच्या साथीदारांनी नि:शस्त्र लोकांवर गोळी झाडायला नकार दिला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. पण त्यानंतर काही दिवस पेशावर शहरात ब्रिटिशांची सत्ता नावापुरतीही उरली नव्हती. पठाणांच्या हजारो बंदुकांनी त्याआधीच्या ऐंशी वर्षांत जे साधलं नव्हतं ते बंदुका घरी ठेवल्यावर, थोडे दिवस का होईना, साधलं.

एकच प्रसंग पुरावा होत नाही, म्हणून मोठा आकडा. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधली ३२३ आंदोलनं तपासली. राजवट बदलणं, परकी सत्ता घालवणं असं मोठं उद्दिष्ट असलेलीच त्यांनी घेतली. अहिंसक आंदोलनांपैकी ५३ टक्के यशस्वी झाली, सशस्त्र उठावांपैकी २६ टक्के. मोठं कारण त्यांना सापडलं ते सहभागाचं. नि:शस्त्र आंदोलनात कितीतरी पट जास्त आणि तऱ्हेतऱ्हेचे लोक येतात. १९८६ मध्ये फिलिपिन्सच्या राजधानीत, मनिलात, रणगाड्यांपुढे जपमाळा घेतलेल्या ख्रिस्ती नन बसल्या होत्या आणि हुकूमशहा मार्कोसला देश सोडावा लागला.

इथे बेडकाची आठवण ठेवायला हवी. जिथे सरकार सर्वांत क्रूर तिथेच लोक बंदूक उचलत असतील, तर हरण्याचं कारण बंदूक नसून ती क्रूरता असेल. या अभ्यासकांनी राजवटीची ताकद हिशोबात धरूनही फरक उरतो हे दाखवलं, तरी ही शंका पूर्णपणे मिटत नाही. २०१० नंतर अहिंसक आंदोलनांच्या यशाचं प्रमाणही बरंच घसरलंय. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लाखो लोक रिकाम्या हातांनी रस्त्यावर आले आणि सैन्याने गोळ्या घातल्या. याच अभ्यासातून 'साडेतीन टक्के लोक रस्त्यावर आले की सरकार पडतंच' असा एक मंत्र लोकांनी उचलला आहे. तो निसर्गनियम नाही. बहारीनमध्ये त्याहून जास्त लोक आले आणि राजा जागेवरच राहिला. आकड्याची पूजा आणि बेडकाची पूजा यांत मला फरक दिसत नाही.

बंदुकीने स्वातंत्र्याला हात दिल्याची उदाहरणं आहेत, आणि ती लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात कृष्णवर्णीय माजी सैनिकांनी 'डीकन्स फॉर डिफेन्स' ही संघटना उभी केली. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांच्या घरांवर रात्री कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची दहशती टोळी येत असे आणि पोलीस मदतीला येत नसत. डीकन्स बंदुका घेऊन पहारा देत. गणिताच्या भाषेत, जिथे शून्य उंबरठ्याचा माणूससुद्धा सकाळपर्यंत जिवंत राहील याची खात्री नव्हती, तिथे त्यांनी इतरांचे उंबरठे खाली आणले. पण बारकाईने बघा, ती बंदूक रात्री घराच्या ओसरीवर होती. मोर्च्याची ताकद दिवसा रस्त्यावर चालणाऱ्या, मार खाणाऱ्या आणि मतदारनोंदणीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या लोकांचीच होती.

म्हणून माझं मत असं: नागरिकांकडे बंदुका किती, यावरून देश स्वतंत्र आहे की नाही हे कळत नाही. न्यायालयं, निवडणुका आणि शिपायाची नियत हा खरा दमटपणा. पण बंदूक सभेत, शाळेत, मतदानकेंद्रावर येऊ लागली की ऐंशी माणसांचे उंबरठे वाढतात, आणि तेवढा देश कमी स्वतंत्र होतो. त्यात माणसं मरतात ते वेगळंच. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. यातल्या कुठल्या गोळीने हुकूमशहाला रोखलं?

भाच्याला फोनवर मी शेवटी आपल्या कायद्याची गोष्ट सांगितली. गांधीजींच्या रागाचा तो शस्त्रकायदा १८७८ चा, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही लिटनचाच, त्याच वर्षीचा. शस्त्रकायद्यातून युरोपियनांना सूट होती, परवान्यासाठी हात पसरायचे ते हिंदी माणसाने. खरा सल तो होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितला होता. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामथांनी तो संविधानात घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवी ती हत्यारं विकत आणू लागला तर राज्यकारभार चालेल कसा, हा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती पडली. भाचा म्हणाला, "मग आपल्याकडे काय लिहिलंय?" मी एकोणिसावा अनुच्छेद उघडला. भाषणस्वातंत्र्याच्या लगेच खाली सभेचं स्वातंत्र्य आहे, आणि ते आहे शांततेने आणि शस्त्रांविना जमण्याचं. तो म्हणाला, "मामा, तेवढ्या ओळीचा फोटो पाठव." मी पाठवला.