बालस्नेही शाळा उपक्रमांचे मूल्यमापन

प्राथमिक शाळेची इमारत, अध्यापन, शिस्त आणि कारभार मुलांच्या हिताला व हक्कांना धरून आहेत का, हे पद्धतशीरपणे तपासण्याची प्रक्रिया.

‘बालस्नेही शाळा’ ही संज्ञा साधारणपणे १९९० च्या दशकाच्या मध्यास रूढ झाली असावी. तिच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ती संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतून (१९८९) निघाल्याचे मानतात. इतरांच्या मते, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या शिशुस्नेही रुग्णालय उपक्रमाचा तो शालेय अवतार होय. ही परंपरा बालशिक्षणतज्ज्ञ फ्रबेल व माँटेसरी यांच्यापर्यंतही नेली जाते. पण तो वारसा विचाराचा, संज्ञेचा नव्हे. संज्ञेपुरते ती रुग्णालय उपक्रमातून आल्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. हा वाद निव्वळ शाब्दिक नाही. रुग्णालयांसाठी स्तनपानविषयक दहा पायऱ्या ठरलेल्या होत्या व त्या पाळल्यावर मान्यता मिळे. शाळेपुढे तशी सर्वमान्य यादी नव्हती, तरी ‘आहे–नाही’च्या खुणा करण्याची पद्धत मात्र शाळेत शिरली.

अशा तक्त्यात ‘स्वच्छतागृह : आहे’ अशी नोंद होते, त्याला कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात आहे, हे नोंदीत येत नाही. म्हणून पाहणाऱ्याने दार स्वतः ढकलून पाहावे, हजेरीपटावरील आकडा वर्गातील डोक्यांशी ताडावा आणि मारहाणीविषयीचे प्रश्न शिक्षकांच्या गैरहजेरीत विचारावेत, असा संकेत आहे. लहान मुलांना श्रेणीऐवजी हसऱ्या–रडव्या चेहऱ्यांची चित्रे देतात; ती बहुधा हसऱ्यावरच बोट ठेवतात.

युनिसेफसाठी झालेले २००९ चे जागतिक मूल्यमापन गयाना, निकाराग्वा, नायजेरिया, फिलिपाईन्स, दक्षिण आफ्रिका व थायलंड या सहा देशांतील शाळांवर आधारलेले होते. सर्वसमावेशकता, बालकेंद्रितता व लोकशाही सहभाग ही त्याची तीन सूत्रे. पैकी सहभाग मोजणे सर्वांत अवघड. विद्यार्थी मंडळ असते, बैठकाही होतात. मंडळाच्या सांगण्यावरून शाळेने कोणता निर्णय बदलला, या प्रश्नाला उत्तर क्वचितच मिळते.

आणखी एक तांत्रिक अडचण तुलनेची आहे. उपक्रमापूर्वीची पाहणी अनेकदा झालेलीच नसते. शिवाय उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळा आधी सामील होतात. त्यामुळे दिसणारा फरक उपक्रमाचा की मुख्याध्यापकांचा, हे शेजारच्या शाळेशी तुलना करूनही सुटत नाही.