चॉकलेटमधल्या हिऱ्यांपासून ‘लंडनग्राड’पर्यंत

१९२० साली ‘डेली हेराल्ड’ या मजूर चळवळीच्या दैनिकाचे एक संचालक, फ्रान्सिस मेनेल, कोपनहेगनहून लंडनला परतले, तेव्हा त्यांच्याजवळच्या लोण्याच्या बरणीत मोत्यांचे सर होते. दुसऱ्या एका खेपेला हिरे चॉकलेटांत दडवून टपालाने धाडण्यात आले. नव्या बोल्शेविक सरकारने डबघाईला आलेल्या एका मित्रपत्राला पाठवलेली ही मदत होती. बोभाटा झाल्यावर त्या पत्राने आपल्या वाचकांनाच विचारले, की रशियाचे ७५ हजार पौंड घ्यावेत का, आणि अखेर ती रक्कम नाकारली. मॉस्कोचा पैसा लंडनला पोहोचवायचा तर तो लपवूनच आणावा लागे, असा तो काळ होता.

अर्थात, मॉस्कोचा हात दाखवणारा प्रत्येक कागद खरा असतोच असे नाही. १९२४ च्या निवडणुकीला चार दिवस उरले असताना ‘डेली मेल’ने छापलेले ‘झिनोव्हिएव्ह पत्र’, म्हणजे मॉस्कोतल्या कम्युनिस्ट नेत्याने ब्रिटिश कम्युनिस्टांना उठावासाठी चिथावणी दिल्याचे दाखवणारे पत्र, बनावट होते, असेच आज बहुतेक इतिहासकार मानतात. पण मजूर पक्षाला झोडपण्याचे काम त्याने चोख बजावले. रशियन हस्तक्षेपाची भीती हे ब्रिटनच्या अंतर्गत राजकारणातले जुने हत्यार आहे, हे विसरून पुढचा इतिहास वाचता येत नाही.

हेरगिरीचा जुना धागा पैशाचा नव्हता. १९३४ मध्ये केंब्रिजमध्ये शिकलेल्या किम फिल्बीला लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सोव्हिएत हेर अर्नोल्ड डॉइचने गाठले, ते विचारसरणीच्या जोरावर. हाच फिल्बी पुढे ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या सोव्हिएतविरोधी विभागाचा प्रमुख झाला आणि १९६३ मध्ये बैरुतहून मॉस्कोला पळाला. १९७१ मध्ये ब्रिटनने १०५ सोव्हिएत अधिकाऱ्यांना एकाच दणक्यात देशाबाहेर काढले. त्या काळी शत्रू कुठे बसतो हे निदान ठाऊक होते: वकिलातीत, व्यापार शिष्टमंडळात, क्वचित आपल्याच कचेरीत.

१९९१ नंतर हे चित्र पालटले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सरकारी उद्योगांची विक्री सुरू झाली आणि १९९५ च्या ‘कर्जाच्या बदल्यात समभाग’ योजनेत (सरकारला कर्ज, तारण म्हणून सरकारी कंपन्यांचे समभाग) तेल-निकेलच्या अजस्र कंपन्या मूठभर लोकांच्या हाती कवडीमोलाने गेल्या. उद्योगपती बोरिस बेरेझोव्स्की आणि रोमान अब्रामोविच यांच्या गटाने ‘सिबनेफ्ट’ या तेलकंपनीवर सुमारे १० कोटी डॉलरमध्ये ताबा मिळवला, तिचे सुमारे ७३ टक्के समभाग ‘गाझप्रोम’ या रशियाच्या सरकारी वायुकंपनीने २००५ मध्ये घेतले, ते १३ अब्ज डॉलर मोजून. सत्तेच्या मर्जीने आलेली संपत्ती सत्तेची मर्जी फिरताच जाते, हे ऑक्टोबर २००३ मध्ये तेलसम्राट मिखाईल खोदोरकोव्स्कीच्या अटकेने दाखवून दिले. अशा धनाला मालकी हक्क मानणारी न्यायालये, खोलात न शिरणारे कंपनी नोंदणी कार्यालय आणि मुलांसाठी नामांकित शाळा हव्या होत्या. लंडनमध्ये हे सगळे होते, वर २००८ ते २०१५ या काळात किमान दहा लाख पौंडांची गुंतवणूक दाखवणाऱ्याला व्हिसा देताना पैशाच्या उगमाची फारशी चौकशीही होत नसे. लंडनच्या श्रीमंत वस्तीतल्या ईटन स्क्वेअरला गमतीने मॉस्कोतल्या चौकावरून ‘रेड स्क्वेअर’ आणि शहराला ‘लंडनग्राड’ म्हटले जाऊ लागले.

पैसा बाहेर कसा पडे, याचा एक मासला पाहण्यासारखा आहे. २०१० ते २०१४ या काळात किमान २० अब्ज डॉलर रशियातून बाहेर नेणाऱ्या एका साखळीत दोन कागदी कंपन्या, अनेकदा ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या, एकमेकींना कर्ज दिल्याचा करार करीत आणि त्याला रशियातली एक कंपनी जामीन राही. मग कर्ज ‘बुडे’, मोल्दोव्हातला एखादा न्यायाधीश ते खरे असल्याचा शिक्का मारी आणि रशियन कंपनी कोर्टाच्या हुकमाचा मान राखत मुकाट्याने पैसे भरी. तिथून रक्कम लॅटव्हियाच्या बँकेत, म्हणजे युरोपीय संघात, शिरली की ती स्वच्छ. ना लोणी लागले, ना चॉकलेट.

या पैशापासून हेरगिरी दूर नव्हती, पण ब्रिटिश सरकारने दोन्हींच्या फायली वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या. अलेक्झांडर लित्विनेंको हा रशियन सुरक्षा सेवेचा माजी अधिकारी लंडनमध्ये राहत होता तो बेरेझोव्स्कीच्या आधाराने, आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याकडूनही त्याला मानधन मिळे. १ नोव्हेंबर २००६ रोजी मेफेअरमधल्या मिलेनियम हॉटेलच्या बारमध्ये त्याने आंद्रेई लुगोवोई आणि दिमित्री कोव्हतुन या दोन रशियनांसोबत गार होत आलेल्या ग्रीन टीचे काही घोट घेतले. त्यात पोलोनियम-२१० हे किरणोत्सारी विष होते. तो २३ नोव्हेंबरला मरण पावला. पोलिसांना ती किटली सापडेपर्यंत हॉटेलात ती विसळून इतर गिऱ्हाइकांसाठी वापरली जात होती.

लुगोवोई २००७ मध्ये रशियाच्या संसदेत निवडून गेला. इकडे लित्विनेंकोच्या मृत्यूच्या सार्वजनिक चौकशीची मागणी २०१३ मध्ये फेटाळताना, निर्णयात आंतरराष्ट्रीय संबंधांचाही विचार झाला, हे गृहमंत्री थेरेसा मे यांनी मान्य केले. मार्च २०१४ मध्ये, रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळंकृत केल्याचा पेच चालू असताना, डाउनिंग स्ट्रीटवर एका अधिकाऱ्याच्या हातातला कागद छायाचित्रकाराने टिपला. लंडनचे वित्तकेंद्र रशियनांना तूर्तास बंद करू नये, असे त्यात लिहिलेले होते. माझ्या मते या प्रकरणातला इतका प्रांजळ दस्तऐवज दुसरा नाही. चौकशी जाहीर झाली ती त्या जुलैत, युक्रेनवर मलेशियाचे विमान पाडले गेल्यानंतर, आणि जानेवारी २०१६ च्या अहवालात न्यायमूर्ती रॉबर्ट ओवेन यांनी ही हत्या बहुधा पुतिन यांच्याच संमतीने झाल्याचा निष्कर्ष काढला. मार्च २०१८ मध्ये सॅलिसबरीत, ब्रिटनसाठी हेरगिरी केलेले माजी रशियन अधिकारी सर्गेई स्क्रिपाल यांच्यावर नोविचोक या मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या विषाचा प्रयोग झाला, तेव्हा २३ रशियन राजनैतिक अधिकाऱ्यांची हकालपट्टी झाली. धनिकांच्या मालमत्तेला मात्र विशेष धक्का लागला नाही.

संसदेच्या गुप्तवार्ता समितीने आपला रशिया अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याकडे सोपवला; तो प्रसिद्ध झाला २१ जुलै २०२० रोजी, मधली निवडणूक उरकल्यावर. लंडनला त्यात पैसे धुण्याचे यंत्र म्हटले होते आणि वकील, हिशेबनीस, घरांचे दलाल, जनसंपर्कवाले अशा मदतनीसांवर बोट ठेवले होते. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात रशियाचा हस्तक्षेप झाला का, याचा शोध सरकारने घेतलाच नाही, ही तक्रारही होती. त्याच महिन्याअखेरीस वृत्तपत्रमालक येव्गेनी लेबेदेव यांचे उमरावपद जाहीर झाले. ते ब्रिटिश नागरिक, आणि व्यवहारात बेकायदा काही नव्हते; त्यांचे वडील अलेक्झांडर हे एकेकाळी केजीबीचे लंडनमधले अधिकारी, ज्यांनी २००९ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चा ताबा नाममात्र एका पौंडात घेतला होता. मुलाच्या किताबात हॅम्प्टनबरोबर सायबेरियाचेही नाव आहे.

गुंतवणूकदार व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बंद झाला, युक्रेनवरच्या आक्रमणाच्या आठवडाभर आधी. परदेशी कंपन्यांच्या नावे असलेल्या घरांचे खरे मालक नोंदवण्याचे वचन २०१६ मध्ये दिलेले होते. त्याचा कायदा मार्च २०२२ मध्ये काही दिवसांत संमत झाला. अब्रामोविच यांनी २००३ मध्ये सुमारे १४ कोटी पौंडांना घेतलेला चेल्सी फुटबॉल क्लब २०२२ च्या मे महिन्यात अडीच अब्ज पौंडांना विकला गेला, आणि ती रक्कम फक्त युक्रेनमध्ये खर्चायची की युद्धाच्या साऱ्या बळींसाठी, या वादात पुढे कित्येक वर्षे ब्रिटनमधल्या एका गोठवलेल्या खात्यात पडून राहिली.